बोटांना आठवणारा पासवर्ड: एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या एक्सेल फाइलचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यातली शेतकरी उत्पादक कंपनी. सभासद तीनशेच्या वर. पिकं इकडची नेहमीचीच, कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा. कोणाची ओळख पटू नये म्हणून गावं, माणसं आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. खरा पासवर्डही अर्थातच इथे नाही, त्याच्या जातीची उदाहरणं दिली आहेत.

कंपनीचं ऑफिस म्हणजे गोदामाला लागून असलेली एक खोली. एक असेम्बल केलेला डेस्कटॉप, प्रिंटर, इन्व्हर्टर, लोखंडी कपाट. सगळा हिशोब एकाच एक्सेल फाइलमध्ये. प्रत्येक गावाची एक शीट, तिच्यात सभासदाचं नाव, गट नंबर, शेअरची रक्कम, बँक खातं, आधार नंबर. पुढच्या शीटवर हंगामाची खरेदी: पोती, वजन, ओलाव्याची कपात, भाव, दिलेले पैसे, राहिलेले पैसे.

ही फाइल एक लेखनिक ताई सांभाळत. त्या जुन्या टाइपरायटरवर मराठी टायपिंग शिकलेल्या, मग संगणकावर कृतिदेव या मराठी फॉन्टमध्ये आल्या. विदर्भात टायपिंगची कामं करणाऱ्यांत कृतिदेव अजून भरपूर चालतं, कारण त्याचा कीबोर्ड रेमिंग्टन टाइपरायटरचा, म्हणजे हाताला आधीपासून बसलेला. कंपनीची पत्रं, पावत्या, ठराव, एक्सेलमधली नावं, सगळं त्यांनी त्यातच केलेलं.

कंपनीच्या सीएंनी एकदा फाइल पाहिली आणि म्हणाले की आधार आणि खाते नंबर असे उघडे ठेवू नका, पासवर्ड टाका, एखादं चिन्हही घाला त्यात, आणि कुठे लिहून ठेवू नका. ताईंनी तिन्ही गोष्टी ऐकल्या. दिवाळीनंतर त्यांच्या यजमानांची बदली मराठवाड्यात झाली आणि त्यांनी काम सोडलं. त्यानंतर ती फाइल कोणी उघडलीच नाही. मुख्य कार्यकारी अधिकारी, ज्यांना सगळे सीईओ म्हणतात, ते वही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काम भागवत राहिले.

अडचण

मे महिन्यात सीएंनी 31 मार्चच्या शिलका मागितल्या. शिवाय गेल्या वर्षीच्या तूर आणि हरभऱ्याच्या फरकाची रक्कम काही सभासदांना द्यायची राहिली होती, आणि पेरणी तोंडावर आल्यावर शेतकरी पैशाला थांबत नाही. सीईओंनी फाइलवर क्लिक केलं तर पासवर्डची चौकट आली.

ताईंना फोन गेला. त्या म्हणाल्या, "पिकाचं नाव आहे, अन् पुढं साल." सीईओंना हायसं वाटलं. कापूस रोमन अक्षरांत किती तऱ्हांनी लिहिता येतो ते त्यांना त्या दुपारी कळलं: मध्ये यू घेऊन, दोन ओ घेऊन, सुरुवातीला दोन ए घेऊन, पहिलं अक्षर मोठं, सगळी मोठी. तूर, तुवर, तुर. सोयाबीनची तर गणतीच नाही. एकही लागला नाही. एक बरं, एक्सेल चुकीच्या पासवर्डवर कायमचं कुलूप लावत नाही; कितीही वेळा चुकलं तरी पुन्हा विचारतं.

माझ्यापर्यंत येण्याआधी

माझं तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं दुकान आणि टायपिंगचं केंद्र आहे. पण पहिली धाव घरच्या पोराकडे जाते, तशी इथेही गेली. एका संचालकांचा पुतण्या इंजिनिअरिंगला. त्याने यूट्यूबवर पाहिलं की एक्सेल फाइलचं नाव बदलून झिप करायचं, आत जाऊन संरक्षणाची एक ओळ पुसायची, झालं. झिप उघडेना. मग त्याने फाइल नोटपॅडमध्ये उघडली, आत काय दिसतं ते पाहिलं आणि बंद करताना सेव्ह दाबलं. त्यानंतर एक्सेलने पासवर्ड विचारणंच सोडून दिलं. फाइल खराब आहे एवढंच सांगू लागलं. तेव्हा कुठे अध्यक्षांनी मला फोन केला.

पुतण्याला मी दोष देत नाही. त्याने पाहिलेला उपाय खरा आहे, फक्त दुसऱ्या कुलपाचा. आमच्या दुकानात तीन वेगवेगळी कुलपं घेऊन लोक येतात आणि तिघांचंही म्हणणं एकच असतं, "एक्सेलचा पासवर्ड काढून द्या."

पहिलं कुलूप शीटच्या संरक्षणाचं. फाइल उघडते, आकडे दिसतात, फक्त बदलता येत नाहीत. इथे काहीही एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येण्यासारखं, झालेलं नसतं आणि यूट्यूबचा उपाय चालतो. दुसरं कुलूप मायक्रोसॉफ्ट ऑफिस 97 ते 2003 च्या काळातल्या जुन्या फाइलींचं. तेव्हाची नेहमीची किल्ली 40 बिटांची होती. आजच्या संगणकाला पासवर्डच्या मागे लागायचीही गरज पडत नाही, सगळ्या किल्ल्याच तपासून होतात. "दोन मिनिटांत काढून देतो" म्हणणारे बहुतेक या दोहोंच्या जिवावर बोलतात.

तिसरं कुलूप नव्या ऑफिसचं, उघडतानाच पासवर्ड मागणारं. आमची फाइल या जातीची, ऑफिस 2013 नंतरच्या पद्धतीची. यात पासवर्डवर एसएचए-512 हे गणित एक लाख वेळा फिरवून किल्ली बनते आणि त्या किल्लीने, एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीने, मजकूर बंद होतो. लाख वेळा फिरवण्याचा हेतू एवढाच की खऱ्या मालकाला क्षणभर थांबावं लागावं आणि अंदाज मारत बसणाऱ्याचा जन्म जावा.

कुलूप कोणतं हे ओळखायची एक साधी खूण आहे. साधी एक्सएलएसएक्स, म्हणजे नव्या एक्सेलची, फाइल आतून झिपच असते, त्यामुळे तिची प्रत नोटपॅडमध्ये उघडली तर अगदी सुरुवातीला पी आणि के ही दोन मोठी रोमन अक्षरं दिसतात. एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीत ती नसतात, तिचा बाहेरचा डबाच वेगळा असतो. म्हणून पुतण्याची झिप उघडली नाही. हे फक्त प्रतीवर पाहायचं आणि सेव्ह न करता बंद करायचं.

समोर असलेले पर्याय

सीएंना ईमेलने पाठवलेली जोडणी आणि कपाटातला पेनड्राइव्ह, अशा दोन प्रती शाबूत निघाल्या. दोघींची एसएचए-256 बेरीज, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, तंतोतंत जुळली, म्हणजे त्या बिट अन् बिट सारख्या होत्या. इथून पुढे काय करायचं यावर संचालकांची बैठक बसली, गोदामातच, कारण ऑफिसात पंख्याखाली एवढे मावेना.

अध्यक्षांचं मत पडलं की नागपूरला एखाद्या डेटा काढून देणाऱ्याकडे फाइल द्यावी. एका संचालकाला इंटरनेटवर फाइल चढवून पासवर्ड काढून देणारी जागा सापडली होती. पुतण्याकडे डाउनलोड केलेलं एक फुकट सॉफ्टवेअर होतं, ते चालवायला अँटिव्हायरस बंद करा असं सांगत होतं. कोषाध्यक्ष म्हणाले, "काट्याच्या पावत्या हायेत ना आपल्यापाशी? बसा अन् लिहा पुन्हा." सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की यांनी बैलगाडीने नागपूरला जायचं सुचवलंय.

मी माझं मत सांगितलं. सॉफ्टवेअर नको, अँटिव्हायरस बंद करायला लावणारं साधन अशा यंत्रावर चालवणं म्हणजे एका फाइलीपायी बाकीच्या गमावण्याची तयारी. इंटरनेटवर चढवणंही नको, कारण ज्या आधार नंबरांसाठी पासवर्ड टाकला तेच आपण अनोळखी माणसाच्या हाती देणार. नागपूरला द्यायचंच झालं तर फाइल देऊ नये. ऑफिस-टू-जॉन नावाची एक छोटी मोफत स्क्रिप्ट आहे, ती फाइलीतून फक्त एक ओळ काढते. त्या ओळीवर पासवर्ड बरोबर की चूक एवढं तपासता येतं, पण सभासदाचं एक अक्षरही तिच्यात नसतं. बाहेर जाईल ती ही ओळ.

आणि सगळे पासवर्ड एकामागून एक तपासण्याचं काय? माझ्या दुकानातल्या यंत्रावर मध्यम दर्जाचं ग्राफिक्स कार्ड आहे. या जातीच्या फाइलीवर ते सेकंदाला साधारण चार हजार पासवर्ड तपासतं. फक्त लहान रोमन अक्षरं धरली तर सहा अक्षरांपर्यंतचे सगळे पासवर्ड बावीस तासांत संपतात. आठ अक्षरं घेतली की दीड वर्षाच्या वर जातं. मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं सगळं धरून आठ घरं भरायची म्हटलं तर 52 हजार वर्षं. नागपूरवाल्याचं यंत्र माझ्यापेक्षा शंभरपट जोरदार असलं तरी 500 वर्षं उरतातच. यंत्राच्या जोरावर हे सुटणार नव्हतं. शोधायची जागा लहान करणं हाच मार्ग होता, आणि ती लहान करू शकणारी व्यक्ती मराठवाड्यात होती.

कोषाध्यक्षांचा पर्याय मात्र मी उचलून धरला. पासवर्ड मिळेल की नाही याची खात्री नव्हती, सीएंची तारीख तर ठरलेली होती. पावत्यांवरून तीन गावांची नोंद त्याच आठवड्यात सुरू करायची आणि पासवर्डचा शोध बाजूने चालवायचा, असं ठरलं.

काय केलं

आधी कागद. कंपनीच्या लेटरहेडवर, संचालक मंडळाच्या ठरावासह, ही फाइल आमची आहे आणि ती उघडायला आम्ही अमुक दुकानाला सांगत आहोत, असं पत्र मी मागून घेतलं. अध्यक्षांना जरा लागलं. "आता आपल्यातच कागद?" पण परवानगीशिवाय दुसऱ्याचा डेटा काढणं माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 आणि 66 मध्ये येतं, आणि उद्या संचालकांत फाटलं तर दुकानदार मधल्या मध्ये सापडतो. दुरुस्तीवाल्यांनी हे पत्र घेतल्याशिवाय कुलपाला हात लावू नये, मग गिऱ्हाईक सख्खा मामा असला तरी.

मग शब्दांची पहिली यादी. पिकं, गावं, देव, ताईंच्या मुलांची नावं, कंपनीचं नाव. मराठी शब्द रोमनमध्ये लिहायला ठरलेला नियम नाही, ज्याची त्याची रीत असते, म्हणून प्रत्येक शब्दाच्या जमतील तितक्या तऱ्हा. पुढे साल, मागे साल, मध्ये चिन्ह. छोट्या स्क्रिप्टने काही लाखांची यादी तयार झाली आणि हॅशकॅट या पासवर्ड तपासून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरने ती मिनिटांत संपवली. काही नाही.

दरम्यान सहा अक्षरांपर्यंतचा सरसकट शोधही लावून दिला. खरं सांगायचं तर त्यातून काही निघेल असं मला वाटत नव्हतं. अध्यक्ष रोज चक्कर मारत आणि त्यांना यंत्र चालू दिसलेलं बरं वाटे. मेच्या उन्हात बाहेर 44-45 अंश, दुकानात कूलर, आणि हॅशकॅट कार्डाचं तापमान 90 अंशांवर गेलं की आपणहून थांबतं. दुपारी ते थांबायचं, संध्याकाळी लाइन जायची. शोध जिथे तुटला तिथून पुढे चालू करण्याची सोय त्यात आहे म्हणून निभावलं. उन्हाळ्यात असं काम लावायचंच असेल तर रात्री लावावं.

तिसरी वाट होती पासवर्ड टाकण्याआधीची प्रत शोधण्याची. ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये आता एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, होती, आणि एसएसडीवर पुसलेलं परत मिळण्याची आशा फार धरू नये. विंडोज पुसलेल्या जागा मोकळ्या झाल्याचं डिस्कला कळवतं आणि डिस्क त्या आतून साफ करते. पण जुनी हार्डडिस्क फेकलेली नव्हती. ती कपाटात, रबराने बांधलेल्या पावत्यांच्या गठ्ठ्याखाली पडून होती. तिच्यावरून फोटोरेक हे पुसलेल्या फाइली परत काढणारं साधन चालवून बऱ्याच फाइली परत आल्या. त्यात याच हिशोबाची, दोन हंगाम आधीची, पासवर्ड नसलेली एक प्रत मिळाली. सभासदांची नावं, गट, खाती त्यात होती. चालू हंगाम अर्थातच नव्हता. तरी पुन्हा नोंद करणाऱ्यांचं अर्धं काम हलकं झालं.

त्याच ढिगात ताईंनी केलेली पत्रं होती. ज्या यंत्रावर मी ती उघडली त्यावर विंडोज नुकतंच टाकलेलं, कृतिदेवचा फॉन्ट नाही. पत्राच्या माथ्यावर आय, झेड, एफ, आर आणि चौकोनी कंस. टायपिंग केंद्र चालवणाऱ्याला हे वाचायला फॉन्ट लागत नाही. ते "प्रति," आहे.

कृतिदेव हा नुसता फॉन्ट आहे. संगणकाच्या लेखी त्यात मराठी काही नसतंच. कीबोर्डवर डी दाबला की फाइलीत डीच जातो, पडद्यावर फक्त त्याच्या जागी क चं चित्र दिसतं. पासवर्डच्या चौकटीत तर चित्रही दिसत नाही, नुसते काळे ठिपके. कापूस लिहायचा म्हणून हाताने सवयीच्या कळा दाबल्या तर आत जातं डी, के, आय, डब्ल्यू, एल. तूर म्हणजे आर, डब्ल्यू, जे. सोयाबीनच्या मधोमध अर्धविरामाची कळ येते. हरभऱ्यात भ साठी शिफ्ट धरून एच. असले शब्द माझ्या कुठल्याच यादीत बसणारे नव्हते.

ताईंना फोन लावला. या वेळी पासवर्ड काय होता हे विचारलंच नाही. विचारलं, "टाकताना हात कुठे होते?"

"कुठं म्हणजे? मी तं मराठीतच टाकला होता भाऊ, नेहमीसारखा."

सीईओंनाही त्यांनी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. मराठी शब्द, एवढंच सीईओंनी ऐकलं. दोघंही खरंच बोलत होते.

त्यांना घराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जायला सांगितलं. तिथल्या संगणकावर नोटपॅड उघडायचं, पडद्याकडे पाहायचं नाही, नेहमीच्या वेगाने पासवर्ड टाकायचा, एंटर मारायचा, पुन्हा टाकायचा. आठवायचा प्रयत्न करायचा नाही, मध्येच थांबलात तर ती ओळ तशीच सोडा. फोटो फक्त मला, आणि फाइल सेव्ह न करता बंद.

फोटोत ओळी आल्या त्या पाहण्यासारख्या होत्या. पिकाचा शब्द प्रत्येक ओळीत अगदी तोच, एका कळेचा फरक नाही. पुढचं साल कधी चार आकडी, कधी दोन आकडी. आणि सीएंच्या सांगण्यावरून घातलेलं चिन्ह प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी, दोनदा तर गायबच. शब्द वर्षानुवर्षं हातात होता, चिन्ह एकदाच सांगण्यावरून आलं होतं. फरक तिथेच पडला.

आता शोधायची जागा दिसली. खात्रीचा एक शब्द होता, पण फोटोच्या भरवशावर न राहता मी पंचवीसेक शब्द घेतले. ते युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला खरी देवनागरी कळते त्या पद्धतीत, लिहून कृतिदेवमध्ये बदलून घेतले. अशी बदलणारी साधनं मोफत मिळतात. एक काळजी घ्यावी लागते, काही जोडाक्षरं ही साधनं अशा चिन्हांनी दाखवतात जी कीबोर्डवर नसतातच, ऑल्ट आणि नंबर दाबून आणावी लागतात. तिथे टायपिस्ट काय दाबते ते हाताने लिहावं. पंचवीस शब्द, आकड्यांच्या चाळीस तऱ्हा, कीबोर्डवरची बत्तीस चिन्हं, चिन्हाच्या तीन जागा. गुणाकार 96 हजार. माझ्या कार्डाला चोवीस सेकंदांचं काम.

पासवर्ड निघाला. शब्द फोटोतलाच होता. चिन्ह शब्दाच्या आणि सालाच्या मध्ये होतं, आणि साल आम्ही सगळे धरून चाललो होतो त्याच्या आधीचं. सीएंनी फाइल पाहिली ते वर्ष सगळ्यांच्याच लक्षात चुकीचं राहिलं होतं.

दुसरी फाइल

पासवर्ड निघाल्याचं कळल्यावर कंपनीने आणखी एक फाइल पुढे केली. आधीच्या सीईओंनी सभासदांच्या सातबाऱ्याचे आणि आधार कार्डांचे स्कॅन सेव्हन-झिपमध्ये बंद केले होते. सेव्हन-झिप एईएस-256 वापरतं आणि किल्ली बनवताना एसएचए-256 पाच लाखांवर वेळा फिरवतं. पण खरी अडचण ती नव्हती. त्या गृहस्थांनी पासवर्ड फोनमधल्या अ‍ॅपकडून बनवून घेतला होता, आणि फोन पुढे रीसेट झाला, बॅकअप न घेता. असा पासवर्ड माणसाने कधी टाइप केलेला नसतो, कॉपी-पेस्ट केलेला असतो. बोटांना तो माहीतच नाही. मी यादी केली नाही, यंत्र लावलं नाही, आणि पैसेही घेतले नाहीत. स्कॅन परत गोळा करायला सांगितलं.

निकाल

हिशोबाची फाइल उघडली. ती उघडल्यावर आधी सगळ्या शीटची पासवर्ड नसलेली प्रत दोन ठिकाणी काढली, मग बाकी काम. सीएंना शिलका वेळेत गेल्या. तूर-हरभऱ्याची फरकाची रक्कम पेरणीआधी खात्यात पडली.

पावत्यांवरून नव्याने केलेली तीन गावांची नोंद वाया गेली असं सगळ्यांना वाटत होतं. कोषाध्यक्षांनी ती मूळ फाइलशी ताडून पाहिली तर काही सभासदांची वजनं जुळली नाहीत. दोन ठिकाणी ओलाव्याची कपात दुबार लागली होती. ते पैसे सभासदांना वेगळे द्यावे लागले. आता उरलेल्या गावांचीही पावत्यांशी पडताळणी करायची, असं त्यांनी बैठकीत मांडलं आणि या वेळी कोणी हसलं नाही.

सेव्हन-झिपमधले स्कॅन गेले ते गेले. सभासदांकडून कागद परत मागवले. काहींनी आणून दिले, काही अजून "उद्या आणतो"वर आहेत.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा पासवर्ड टाकण्याच्या दिवसाची. आधार आणि खाते नंबर बंद करायला सांगणं बरोबरच होतं. "कुठे लिहू नका" हा सल्ला बँकेच्या पिनसाठी ठीक, संस्थेच्या हिशोबाला घातक. संस्थेची फाइल एका माणसाच्या आठवणीवर ठेवता येत नाही. माणूस बदलीवर जातो, आजारी पडतो, भांडून निघून जातो. पासवर्ड कागदावर, कागद पाकिटात, पाकिटावर दोघांच्या सह्या, पाकीट तिजोरीत, एवढं पुरलं असतं.

दुसरी जागा ताई काम सोडून गेल्या त्या दिवसाची. चाव्या, शिक्के, चेकबुक, रोख असं सगळं मोजून घेतलं गेलं, त्याची यादी मी पाहिली, तिच्यावर सह्या आहेत. पासवर्डचं नाव त्यात नाही. नव्या माणसाने ताईंसमोर फाइल एकदा उघडून दाखवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. उघडून दाखवणं महत्त्वाचं. नुसता तोंडी पासवर्ड घेतला असता तर "पिकाचं नाव अन् साल" एवढंच हाती आलं असतं.

तिसरी जागा पहिल्या फोनची. सीईओंनी विचारलं, "पासवर्ड काय?" उत्तर खरं मिळालं आणि निरुपयोगी ठरलं. विसरलेल्या माणसाला विचारायच्या गोष्टी वेगळ्या असतात: कोणत्या संगणकावर बसून टाकला, कीबोर्ड कोणता होता, त्या दिवशी मराठी टायपिंग चाललं होतं का, इनस्क्रिप्ट हा युनिकोड मराठीचा कीबोर्ड चालू होता की कृतिदेव, नंतर बदलला का आणि कोणाच्या सांगण्यावरून. इनस्क्रिप्ट चालू असेल तर आणखी वेगळा घोळ, कारण तिथे पासवर्डच्या चौकटीत खरीखुरी देवनागरी अक्षरं जाऊ शकतात. मी पहिली रोमन यादी चालवण्याआधी हे प्रश्न विचारले असते तर दोन-चार दिवस वाचले असते, हे खरं. पण ती यादी मिनिटांची होती आणि ती रिकामी गेल्यामुळेच रोमन स्पेलिंगचा विषय मिटला, म्हणून ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. सरसकट शोध मात्र लावला नसता तरी चाललं असतं. विजेचं बिल आणि अध्यक्षांचं समाधान, बाकी त्यातून काही निघालं नाही.

चौथी, पुतण्याच्या हातात मूळ फाइल देण्याची. पेनड्राइव्ह आणि ईमेलची जोडणी नसती तर पासवर्ड माहीत असूनही उघडायला काही उरलं नसतं. कोणीही हात लावण्याआधी दोन प्रती काढून बाजूला ठेवायच्या, हे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कामाचं.

कंपनीने आता पाकिटाची पद्धत घेतली आहे आणि सोबत कीपास हे पासवर्ड सांभाळणारं मोफत साधन वापरतात; त्याची मुख्य किल्ली सीईओ आणि कोषाध्यक्ष दोघांकडे. नवीन पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून अक्षरं डोळ्यांनी पाहायची, इंग्रजी कीबोर्डवरच, आणि तीच अक्षरं पाकिटातल्या कागदावर उतरवायची, असा नियम केला. अध्यक्षांना पाकीट पटलेलं नाही. तिजोरीची चावी ज्याच्याकडे तोच सगळ्याचा मालक होतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच चूक नाही. पाकीट कोणाच्या ताब्यात राहावं हा विषय त्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घातला आहे. तोवर ते कंपनीच्या बँकेतल्या लॉकरमध्ये आहे.